काळूचं ‘बस’

सरुबाईच्या घराच्या कौलांवर आडवी गेलेली चिंचेची फांदी उतरवायची होती आणि काळूचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. २००७ साल होतं, पिंपळगाव बसवंतजवळ हायवे रुंद होत होता, कडेची झाडं तोडायचं काम चालू होतं. एवढी वर्षं काळू वर चढायचा, फांदी दोराला बांधून कापायचा, आणि खाली दोर धरायचा लहानू, म्हणजे त्याच्या बहिणीचा, कुसाबाईचा नवरा. आजवर कुणाचं एक कौल फुटलं नव्हतं. आणि आता सुपरवायझर महेशनं कुठूनसा छोटा लोडर आणला होता. दोर कप्पीवरून घेऊन लोडरला बांधायचा. लोडर मागं गेला की फांदी उचलली जाणार, पुढं आला की खाली येणार.

"आज हे जमलं, तर उद्यापासून लहानूचं काम नाही," महेश म्हणाला.

"साहेब, दोर हाताला कळतो. त्या डबड्याला काय कळनार?" काळूनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा महेश मोबाइलवर बोलत होता. माणसानं डोकं फोडायचं तरी कुठं?

शेवटी लोडर चालवणाऱ्या मयूरशी शब्द ठरले. हा मयूर मालेगावकडचा, नवा, पण गरीब स्वभावाचा. ‘उचल’, ‘थांब’, ‘सोड’, एवढंच. लहानूशी असले ठराव कधी करावे लागले नव्हते. वरून काळू ‘बस’ म्हणाला की लहानू खोडाभोवती वेढा देऊन दोर आहे तिथंच रोखून धरायचा. वीस वर्षं ‘बस’चा अर्थ तोच.

काळू चिडचिडतच चढला. दोर आवळला, "उचल" म्हणाला आणि करवत चालवली. मनातल्या मनात महेशला शिव्या चालूच होत्या. फांदी सुटली, दोरावर लोंबकळली. आता दुसऱ्या दोरानं ती घरावरून अंगणात ओढायची, मगच सोडायची. तोवर लोडर जागचा हलायला नको होता.

"बस! बस!" काळू ओरडला.

मयूरला वाटलं, झालं काम, आता सोडायचं. तो सरळ पुढं आला. फांदी धाडकन कौलांवर आदळली आणि अर्धं छप्पर आत गेलं. नशीब, घरातली सगळी माणसं मळ्यात झेंडू तोडायला गेली होती.

काळू खाली उतरेपर्यंत महेश मयूरच्या अंगावर धावून गेला होता. "डोळे फुटले का तुझे? घेऊन जा ते यंत्र इथून!"

"साहेब, माले वाटनं, सोडानं शे..." मयूर पुटपुटला. त्याचं ऐकतो कोण?

बाजूला उभ्या लहानूनं तोवर दोर उचललासुद्धा. काळूनं नुसतं तोंड मिटून घेतलं असतं तरी भागत होतं. लोडर गेला असता, दोर लहानूच्या हातात आला असता. सकाळपासून त्याला दुसरं हवं तरी काय होतं? पण मयूर त्याच्याकडे बघत होता, आणि काळूला स्वतःचाच असा संताप आला की त्याला गप्प राहवेना.

"त्याची चूक नाय," तो म्हणाला. "थांब ठरलं व्हतं. मी बस बोललो."

महेशनं आधी छपराकडे पाहिलं, मग लोडरकडे. "म्हणजे यंत्र बरोबर होतं," तो म्हणाला. "लहानू, उद्या येऊ नकोस."

लहानूनं दोर खाली टाकला आणि रस्त्याकडे चालू लागला. काळू त्याच्या मागं धावला. "दाजी, खोटं कसं बोलनार व्हतो मी?"

"नको ना बोलू खोटं," लहानू मागं न बघता म्हणाला. "घरी चल, आन् तुज्या बहिनीला बी खरंच सांग."