लांबूचं अस्वल

"अस्वल! मॅडम, अस्वल आलंय!"

लांबू इतक्या जोरात उठला की खुर्ची धाडकन मागे पडली. जंगलातली जनावरं मोजणाऱ्यांचं ऑफिस म्हणजे तरी काय, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात बॅटऱ्यांचा ढीग. पण सगळे धावले! मॅडम हातातलं पेन टाकून आल्या, ड्रायव्हर तोंडात घास घेऊन आला. कारण त्या जंगलात अस्वल नव्हतंच, कुणाच्या आज्यानंसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि लांबूनं टेकडीवरच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे समोर काही हललं की आपोआप लागोपाठ फोटो काढणाऱ्या त्या डबड्यात, पहाटेच्या धुक्यात काहीतरी काळं, केसाळ, गुबगुबीत पाठ करून बसलं होतं.

"शाब्बास रे लांबू!" मॅडमचा आवाज चक्क कापत होता. "पुढचा लाव, पुढचा."

पुढच्या फोटोत अस्वलानं मान वर केली होती. त्याच्या पुढच्यात अस्वल कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होतं.

आणि मग जो काही हशा पिकला! ड्रायव्हर पोट धरून खालीच बसला. "लांबू, तुझ्या अस्वलाला सर्दी झालीय रे!"

लांबू सगळ्यांत मोठ्यानं हसला. फजिती झाली की आपणच आधी हसून घ्यायचं, हे त्याला शाळेपासून जमायचं. "सर्दी कसली," तो म्हणाला, "अस्वलीणबाईंना नवऱ्यानं घराबाहेर काढलं असणार!"

आणखी हशा. आणि हसता हसता त्याची नजर फोटोतल्या कोटाच्या खांद्यावर गेली. तिथं ते केसाळ कापड फाटलेलं, जाड दोऱ्यानं वेडंवाकडं शिवलेलं. तो टाका त्यानंच घातला होता. कोट दादाचा होता, आणि दादा गेल्यापासून थंडीत तो वहिनी घालायची.

चेहरा धुक्यात पार विरघळला होता. दुसऱ्या कुणाला ओळखू येणं शक्यच नव्हतं.

वहिनी, म्हणजे आई गेल्यावर जिनं लांबूला न्हाऊमाखू घालून वाढवलं ती. स्वतःचं लग्न ठरल्यावर मागच्या आठवड्यात तिलाच हा म्हणाला होता, "लग्नानंतर आमचं जरा... म्हणजे तू मागच्या खोलीत गेलीस तर?" मागची खोली म्हणजे सरपण आणि मोडकी सायकल ठेवायची जागा! वहिनी पटकन म्हणाली होती, "अरे, मला तर तीच आवडते. शांत आहे." आणि यानं ते खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं ना!

"माणूस दिसला की फोटो पुसायचा, नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि कॅमेरा तिथून काढा उद्या. लोकांची ये-जा दिसतेय."

तोवर ड्रायव्हरनं मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढलासुद्धा. लांबूनं फक्त म्हणायचं होतं, ती माझी वहिनी आहे. जिभेवर आलं होतं हो! पण मघाचा स्वतःचाच विनोद आडवा आला. आता सांगणार कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर जीप घेऊन दारात हजर. वहिनीनं नेहमीसारखा चहा दिला. लांबू उंबऱ्यात बसून बूट घालत होता.

"वहिनी, दिराचा पराक्रम बघितला का? याला अस्वल सापडलं!" आणि या बाबानं मोबाइल सरळ तिच्या हातातच दिला.

लांबूच्या बोटांत नाडी तशीच राहिली. वहिनी बघत होती. बघतच होती. ड्रायव्हर आपला अस्वलीणबाईंचा विनोद रंगवून सांगतोय, वर "हे पण यानंच म्हटलं हं!"

"अगं बाई," वहिनी हसली. "खरंच की, अगदी अस्वल." मग मोबाइल परत देत, लांबूकडे न बघताच तिनं विचारलं, "कोण आहे रे ही?"

आत्ता. आत्ता तरी!

"कोण जाणे," लांबू म्हणाला. "असेल कुणीतरी."

"हो. असेल," वहिनी म्हणाली, आणि रिकामा कप उचलून आत गेली.

टेकडीवरचा कॅमेरा सोडवून त्यांनी ओढ्यापलीकडे बांधला. नव्या जागी कॅमेरा लावला की कुणीतरी जनावरासारखं त्याच्यासमोरून रांगत जायचं असतं. बिबट्याच्या उंचीचं काही गेलं तर त्याला कळतंय का, ते बघायला. कळलं की लाल दिवा लागतो. एरवी लांबू डुरकत, पंजे मारत, धमाल उडवत रांगायचा. आज त्यानं गुपचूप हात टेकले.

"लागला, लागला!" ड्रायव्हर ओरडला. "ऊठ आता."

लांबू उठेना.

"अरे झालं ना! ऊठ की, बिबट्या!"

हात-गुडघे मातीत रोवून, मान खाली घालून तो तसाच राहिला. त्याची पाठ हलायची, आणि दर वेळी दिवा लागायचा.