उपरण्याखालचा हात

सिदूनं उपरणं झटकून मल्लय्याच्या उजव्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली सरकवला. धारूरच्या जनावरांच्या बाजारात मेंढरांचा भाव असाच ठरायचा. कापडाआड समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितके हजार एका मेंढरामागं. बघ्यांना दिसायचं ते फक्त कापड हललेलं.

मल्लय्या तेलंगणातला व्यापारी. आकडे सोडले तर त्याला मराठी कळत नव्हती, सिदूला तेलुगू. तीस वर्षं दोघांनी बोटांवरच भागवलं होतं. एक ‘लेदु’ तेवढा सिदूला पाठ होता. लेदु म्हणजे नाही. पहिल्या भावाला मल्लय्या हमखास ‘लेदु’ म्हणायचा आणि तोंड असं वाकडं करायचा, की मेंढरं फुकट दिली तरी त्याला परवडणार नाहीत. भारी लबाड म्हातारा.

यंदा तो उशिरा आला, तोही पुतण्याच्या खांद्याला धरून. सिदूही धड नव्हताच. गुडघे गेले होते, मेंढरांमागं हिंडणं संपलं होतं. सगळा कळप विकायला काढला, तरी तो दोन बाजार थांबला. शेवटचा सौदा त्याला मल्लय्याशीच करायचा होता.

त्यानं बोटं धरली. उत्तर आलं नाही. त्यानं तळवा दाबला. हात थंडगार होता, त्यात जीवच नव्हता. सिदूनं वर पाहिलं. मल्लय्या त्याच्याकडंच बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“जमत नाही का, मामा?” पुतण्या पुढं झाला. बाजारात फिरून तो मराठी शिकला होता. “आजारपणानंतरही हात चालतो, असं काका म्हणतात. आजचा सौदा त्यांनी केला तर ते येत राहणार, नाहीतर घरी बसणार, असं ठरलंय. मग मी बसेन इथं. काटा आणलाय गाडीत. सगळं वजनावर.”

सिदू त्याच्यावर खेकसला.

“कामून मधी तोंड घालतो रं? सौदा चाललाय न्हवं!”

आणि त्यानं सौदा चालवला. एकट्यानंच. उपरण्याखाली तो स्वतःच बोटं धरत-सोडत होता, हात मागं घेत होता, पुन्हा घालत होता.

“एवढंच व्हय, मल्लय्या? मेंढरं हायेत ही, कोंबड्या न्हाईत!”

बघे हसले. इतकी घासाघीस सिदूनं जन्मात कुणाशी केली नव्हती. शेवटी तो हरल्यासारखा मान हलवत म्हणाला, “घ्या. आठ हजारानं दिली. लई पाडलं बाबा तुमी.”

चालू भाव दहाचा होता. पण मल्लय्यानं आजही भाव पाडला, असं बाजारानं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

“काकांनी जिंकलं, मामा!” पुतण्या खूश झाला. “मी तर दहा देणार होतो.”

“लेदु,” मल्लय्या म्हणाला.

जीभ जड झाली होती, तरी शब्द सगळ्यांना ऐकू गेला. अजून पाडतोय की काय, असं सिदूला वाटलं. तेवढ्यात मल्लय्यानं डाव्या हातानं उपरणं ओढून बाजूला टाकलं. उजवा हात मांडीवर उघडा पडला, बोटं आत वळलेली. बघ्यांचं हसू थांबलं. मग डाव्या हातानं त्यानं सिदूची पाचही बोटं धरली, भर उन्हात, सगळ्यांदेखत. सोडली. पुन्हा पाचही धरली.

पुतण्या काकांच्या उजव्या हाताकडं बघत राहिला.

“बरं. दहा,” तो हळूच म्हणाला, आणि पुढच्या मेंढरांसाठी गाडीतला काटा उतरवायला गेला.

सिदूनं मातीत पडलेलं उपरणं उचललं, झटकलं आणि त्या उजव्या हातावर नीट पसरलं. विकायला आता काही उरलं नव्हतं. तरी त्यानं आपला हात खाली घातला आणि तो तसाच बसून राहिला.