मुका केलेला यूपीएस

मी एक जुना यूपीएस आहे. नाव इंग्रजी असले तरी काम साधे आहे. वीज गेली की संगणक पटकन डोळे मिटतात आणि समोरच्या माणसाने खपून लिहिलेले सगळे पुसले जाते. तसे होऊ नये म्हणून माझ्या पोटात एक बॅटरी आहे. वीज गेल्यावर मी तिच्या जोरावर संगणकांना थोडा वेळ जागे ठेवतो आणि 'टीं टीं' असे ओरडतो. त्या ओरडण्याचा अर्थ एवढाच की बाबांनो, लिहिलेले जपून ठेवा, माझा काही भरवसा नाही.

मित्रांनो, तुम्ही सगळे हौसेने जन्माला आलात. मी भीतीपोटी जन्माला आलो. जगात कुणालाच कशाची भीती वाटली नसती, तर मला कुणी बनवलेच नसते. मला दोनच अवस्था ठाऊक आहेत. वीज असते तेव्हा ती जाईल याची भीती, आणि गेली की मी पुरा पडेन की नाही याची भीती. मधल्या सुट्टीची सोय माझ्यात नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले, एक छोटा पंखा लावला, बॅटरी जोडली आणि शेवटी बोटाच्या पेराएवढी एक काळी टिकली बसवली. ती माझी जीभ. तपासणाऱ्या बाईंनी माझा प्लग उपटला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "गळा चांगलाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर 'पास' असा शिक्का मारला. मी दिलेली ती एकच परीक्षा. पुढे जन्मभर पाहिल्या त्या दुसऱ्यांच्या.

शाळेत आलो तेव्हा माझे कौतुक झाले. संगणकाच्या खोलीत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर मुख्य बटण बंद केले. पंखे थांबले, दिवे गेले, पण संगणक सुरूच राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडत होतो, तर मुख्याध्यापक म्हणाले, "वा! बोलतोसुद्धा!" त्या वेळी माझे बोलणे हा गुण होता.

मला खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडच्या शेवटच्या टेबलाखाली ठेवले. तिथून मला चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. पडद्यांवर काय उमटते, ते मात्र माझ्या तारांतून मला कळते. माणसाचे पाय फार प्रामाणिक असतात. चेहऱ्याने 'येतंय मला' म्हणणारी मुले पायांनी काय काय म्हणतात, ते मी इतकी वर्षे पाहत आलो आहे.

या खोलीत जावा नावाची संगणकाची भाषा शिकवतात. शिकवणाऱ्या सरांना मुले 'अर्धविराम सर' म्हणतात, कारण जावात ओळ संपली की अर्धविराम द्यावा लागतो आणि सरांचा निम्मा जन्म तो शोधण्यात गेला आहे. सर वाईट नाहीत. मात्र त्यांना शांतता फार प्रिय आहे. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, त्याच्या महिनाभर आधीपासून सर स्वतःच इतके घाबरतात की त्यांची भीती पुरवून पुरवून सगळ्या वर्गाला पुरते. मग मुले प्रोग्रॅम पाठ करतात. एकाने तर पुस्तकातली छपाईची चूकही पाठ केली होती आणि ती न चुकता लिहिली होती.

वय होत गेले तशी माझी बॅटरी थकली. वीज जराशी थरथरली तरी मी ओरडू लागलो. सराव परीक्षेच्या दिवशी मी सारखाच ओरडत होतो. माझे म्हणणे होते, बॅटरी बदला. सरांचे म्हणणे होते, डोके उठले.

"मामा, याचं काहीतरी करा हो," सर शिपाईमामांना म्हणाले.

मामांनी माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली. मी नाकातून ओरडू लागलो. मग सरांनी स्वतः पेचकस आणला, मला उघडले आणि जिभेची तार काढून ठेवली.

"आता कसं शांत वाटतंय!" सर म्हणाले.

"गुणी डबा आहे तसा," मामा म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी गुणी झालो. आतून मात्र माझा थरकाप होत होता. धोका तेवढाच होता, बॅटरी तेवढीच थकलेली होती. फक्त कुणाला कळण्याची सोय उरली नव्हती. वीज गेली की माझ्या पुढ्यातला हिरवा दिवा लाल होऊन लुकलुकायचा, पण टेबलाखाली वाकून बघतो कोण?

माझ्या टेबलापाशी एक मुलगी बसायची. घाबरली की ती टंकायच्या आधी बोटांच्या टोकांवर फुंकर मारायची, म्हणून मैत्रिणी तिला 'फुंकर'च म्हणत. जावा तिला मनापासून आवडायची. घरी भांडी कुणी घासायची, तिने की धाकट्या भावाने, यासाठी तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तारखेला दोनने भागायचे, एक उरला तर भावाची पाळी. आता एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे भावाची पाळी लागोपाठ दोनदा येते, हे भावाच्या अजून ध्यानात आलेले नाही. मीही ते ओरडून सांगणार नाही. सगळ्याच गोष्टी ओरडण्यासारख्या नसतात.

एवढी हुशार मुलगी, पण तिला लाल अक्षरांची भयंकर भीती वाटे. प्रोग्रॅम चुकला की पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटते. ती दिसली की फुंकरचे पाय खुर्चीखाली एकमेकांत गुंतून बसत. तिची ही अवस्था पाहून शेजारी राहणाऱ्या, कॉलेजातल्या एका दादाने तिला एक युक्ती शिकवली होती. जावात 'कॅच' नावाचा एक कंस असतो. काही बिघडले तर काय करायचे, ते त्यात लिहून ठेवायचे. "तो रिकामा सोड," दादा म्हणाला होता, "मग काय बिशाद आहे लाल अक्षर दिसायची!" ती ही गोष्ट मैत्रिणीला खुशीत सांगत होती, तेव्हा मला माझ्या तोंडावरची चिकटपट्टी आठवली.

परीक्षेचा दिवस आला. या प्रात्यक्षिकात जो नापास होईल, त्याला पुढच्या वर्षी संगणक हा विषय मिळणार नव्हता. फुंकरचे पाय आले ते आधीच थंडगार होते. बाहेरच्या परीक्षक बाईंचे बूट काळे, नीट बांधलेले आणि अजिबात न घाबरलेले होते.

"एकमेकांशी बोलायचं नाही, आम्हाला काही विचारायचं नाही," सर म्हणाले. "जो तोंड उघडेल, त्याचा पेपर तिथंच थांबेल."

प्रश्न सोपा होता. पाच जणांचे गुण घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. फुंकरने लिहिले, फुंकर मारली, चालवून पाहिले. पडद्यावर काहीच आले नाही. लाल अक्षरे नाहीत, उत्तरही नाही. तिने पुन्हा चालवले. पुन्हा कोरा पडदा. तिचा श्वास मला टेबलाखाली ऐकू येत होता. चूक कुठेतरी नक्की होती, पण ती सांगणाऱ्याचे तोंड तिने स्वतःच बंद करून ठेवले होते.

आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली.

थंडीचे दिवस. पंखे बंदच होते. खिडक्यांतून लख्ख उजेड येत होता, त्यामुळे दिवेही कुणी लावले नव्हते. संगणक माझ्या जिवावर चालू होते. साऱ्या खोलीत एकट्या मला माहीत होते की आता सगळा भार माझ्या त्या थकलेल्या बॅटरीवर आहे. मी ओरडलो. मित्रांनो, मी जन्मात ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. बाहेर काही आले नाही. वरती मुले निवांत टंकत होती, कुणी पाय हलवत होते. एकानेही लिहिलेले जपून ठेवले नव्हते, कारण सरांनी ते शेवटी एकदम करायला सांगितले होते. माझे पोट तापू लागले. मला धरून ठेवता येईना.

भार पडला की माझे वेटोळे घुमते आणि अंग थरथरते. फुंकरचा पाय माझ्या अंगाला टेकलेला होता. तो दचकून मागे गेला. मग एक वेणी खाली लोंबली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा चेहरा दिसला. माझा लाल दिवा तिच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. नेमका लाल! मला वाटले, ही आता डोळे मिटून घेणार.

तिने मिटले नाहीत. शेजारच्या भिंतीवरचे ट्यूबलाइटचे बटण तिने हळूच दाबले. ट्यूब लागली नाही.

"सर..." ती पुटपुटली.

"बोलायचं नाही म्हटलं ना!"

तोंड उघडले तर पेपर जाणार. नाही उघडले तर सगळ्यांचाच जाणार. तिने एकदा बोटांवर फुंकर मारली, खुर्ची मागे ढकलली, आणि माझे काढून घेतलेले ओरडणे तिच्या गळ्यातून बाहेर आले.

"लाइट गेलीय! सेव्ह करा! सगळ्यांनी सेव्ह करा!"

"कोण ते? उभी राहा!" सर गरजले. ती उभीच होती.

"सर, नंतर ओरडा," परीक्षक बाई म्हणाल्या. "मुलांनो, सेव्ह करा आधी."

खोलीभर बटणे कडकडली. शेवटचे बटण दाबल्याचा आवाज ऐकला आणि मी सोडून दिले. सगळे पडदे एकदम काळे झाले. माझाही दिवा विझला.

मला पुन्हा जाग आली तेव्हा वीज आली होती आणि काळे बूट माझ्यासमोर उभे होते.

"हा ओरडला कसा नाही?"

"त्याची तार... काढून ठेवलीय मॅडम. परीक्षेत व्यत्यय यायचा."

"वीज जाण्याचा?"

"नाही. गेलीय हे कळण्याचा," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांचे बूट एक पाऊल मागे सरकले.

बाईंनी गेलेला वेळ सगळ्यांना वाढवून दिला. फुंकरचा पेपर कुणी थांबवला नाही. तिने आपला प्रोग्रॅम उघडला. मग तिने तो रिकामा कंस पुसायला घेतला. बाई तिच्या मागेच उभ्या होत्या.

"ते का काढतेस गं?"

"हे असलं की काही कळतच नाही बाई. बिघडलं तरी गप्प, बरं असलं तरी गप्प." तिने खाली माझ्याकडे पाहिले. "लाल दिसलं तर दिसू दे."

सरांचे बूट तिथेच होते. ते एकमेकांत गुंतले.

तिने प्रोग्रॅम चालवला आणि पडदा लाल अक्षरांनी भरला. तिचे पाय आखडले, पण ती वाचू लागली. पाच जणांच्या रांगेत तू सहावा शोधते आहेस, असे तिथे लिहिले होते, ओळीच्या क्रमांकासकट. इतक्या सरळ सांगणाऱ्याला ती इतके दिवस घाबरत होती! तिने एक खूण बदलली. सरासरी आली.

पैकीच्या पैकी गुण काही तिला मिळाले नाहीत. तोंडी परीक्षेत तिची वाचाच बसली. सगळा आवाज आधीच खर्च झाला होता. पण ती पास झाली, आणि विषय सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सर एकटेच आले. पेचकस घेऊन गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माझी तार जोडली. प्लग उपटून पाहिला. मी ओरडलो. सरांनी सवयीने कानांवर हात नेले आणि मग हळूच खाली घेतले.

बॅटरी अजून जुनीच आहे. नवीन मागवली आहे, असे मामा म्हणतात. मी अजून घाबरतो आणि वीज थरथरली की मुलेही दचकतात. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. कुणी सारखे ओरडत असेल, मग तो डबा असो, लाल अक्षरे असोत की तुमच्या बाकावरची एखादी भित्री पोर, तर चिकटपट्टी शोधण्याआधी एकदा खाली वाकून विचारा, "का रे बाबा, काय झालं?" आम्ही सांगतो. आम्हाला ठाऊक असते. आम्ही घाबरलेले असतो ते बहुतेक वेळा तुमच्यासाठीच.