चाकाखालची पायपुसणी

मित्रांनो, मी एक जुनी, काथ्याची पायपुसणी आहे. लगेच नाक मुरडू नका. आयुष्यभर लोकांच्या तळव्यांची घाण मी अंगावर घेतली, पण मला खरी किळस आली ती एका चकचकीत, धुतल्या-पुसल्या गाडीची. कशी ते ऐका.

माझा जन्म वेंगुर्ल्याजवळ खाडीकाठचा. तिथे नारळाची सोडणं महिनोन्‌महिने चिखलात कुजत ठेवतात, मग बायका ती दांडक्याने बडवतात आणि त्यातून काथ्या निघतो. काय तो वास! पण तो कामाचा वास होता, त्याची मला कधी लाज वाटली नाही. मालिनीताईंनी बाजारात मला उलटीपालटी करून पाहिलं आणि लेकाकडे जर्मनीला जाताना लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून बॅगेत घातलं. "अहो आई, इथे सगळं मिळतं," असं सून ऊर्मिला फोनवर सांगत होती. "मिळत असेल. पाय पुसायला घरचंच बरं," असं म्हणून मालिनीताई निघाल्या.

नेकारसुल्मच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या उतारावर एक लहानसं गाव आहे. तिथल्या चढणीच्या अरुंद गल्लीत शेवटून दुसरं घर आमचं. मालिनीताईंचा मुलगा हृषिकेश हा इंजिनिअर, आणि तोही गाड्यांच्या ब्रेकचा. त्याची सात वर्षांची लेक ईप्सिता. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. आमच्यावरचं, अगदी शेवटचं घर हेडविग आजींचं. शाळा सुटली की ईप्सिता त्यांच्याकडे जायची आणि संध्याकाळी आजी तिला पोचवायला आमच्या दारात यायच्या.

आजींची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी टॅक्सी येते आणि त्यांना डायलिसिसला घेऊन जाते. रविवारी संध्याकाळी त्यांची पावलं माझ्यावर फार जड पडायची. दोन दिवस अंगात साठलेलं पाणी पायांत उतरलेलं असायचं ना! तरी दोन्ही बूट नीट पुसल्याशिवाय त्या कधी आत आल्या नाहीत. असे पाय लाभले की आमच्या जन्माचं सार्थक होतं.

आणि मग गेल्या वर्षी दारात तो आला. विजेवर चालणारा पिकअप ट्रक. वजन तीन टन, अंग गल्लीएवढं. मागचा हौदा असा, की त्यात बैलजोडी उभी राहील. त्यातून आजवर काय वाहिलं म्हणाल, तर एकदा कांद्याची पिशवी आणि एकदा ईप्सिताची सायकल! मालिनीताईंनी हौसेने पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबाचा जो चेंदामेंदा झाला तो मी उंबऱ्यातून पाहिला. तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं.

त्या ट्रकच्या आत पांढराशुभ्र गालिचा होता. त्यावर बूट ठेवायचे कसे? एके दिवशी हृषिकेशने मला दारातून उचललं आणि ट्रकमध्ये आपल्या पायाखाली अंथरलं. "अरे, दारात काय ठेवू मग?" मालिनीताईंनी विचारलं. "अगं आई, घरातली फरशी पुसता येते. हा गालिचा खराब झाला की संपलंच." शी! माणसांच्या घरात चिखल चालेल, पण गाडी सोवळ्यात हवी! त्या दिवसापासून माझ्या मनात त्या ट्रकबद्दल जी अढी बसली, ती बसलीच.

जानेवारीत एका सोमवारी पहाटे बर्फ पडला. त्या गल्लीची रीत अशी, की प्रत्येक घराने पाळीपाळीने बर्फ काढायचा. त्या आठवड्याची पाळी आमची होती.

"हृषी, आजींची टॅक्सी यायच्या आत गल्ली मोकळी कर," ऊर्मिला म्हणाली. "आणि बर्फ वितळवायला मिठाची गोणी आणलीस ना?"

"राहिली गं. पण फावडं नि मीठ कशाला? तीन टनांचा रोलर उभा आहे दारात! चार फेऱ्या मारल्या की सगळा बर्फ दाबून सपाट."

"पापा, दास गेट निश्ट!" असं चालत नाही, हे त्या पोरीलाही कळत होतं. पण सांगायचं कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी. साहेब ट्रकमध्ये चढले, फोन समोर लावला आणि कोलोनच्या मित्राला, प्रतापला, मजा दाखवायला सुरुवात केली.

"अरे, विंटर टायर घातलेस का?" प्रतापने पहिलं तेच विचारलं.

"ते आणून ठेवलेत रे. पण त्या बारक्या टायरांवर हा शोभतो का? आणि चारही चाकं ओढतात याची, घाबरतोस काय!"

ओढतात हो, चारही ओढतात. पण थांबवायचं कोणी? दोन फेऱ्यांत बर्फ दाबला गेला आणि गल्ली आरशासारखी लखलखू लागली. पुढच्या उतरणीला ट्रक सुटला. ब्रेकचा इंजिनिअर ब्रेकवर उभा होता आणि ट्रक आपला शांतपणे घसरत होता. शेवटी तो गल्लीत आडवा झाला. नाक द्राक्षमळ्याच्या दगडी भिंतीला, मागचं एक चाक कडेच्या खड्ड्यात. प्रताप आधी हसला, मग म्हणाला, "बरं, ठेवतो मी."

मग आठवण कोणाची झाली? माझी! हृषिकेशने मला ओढून काढलं आणि मागच्या चाकाखाली कोंबलं. मित्रांनो, मी कुत्र्याची घाण सोसली आहे, मीठ टाकलेल्या बर्फाचा खारट राडा सोसला आहे. पण ते चाक जेव्हा माझ्या अंगावर गरगरलं, तेव्हा आली तशी किळस मला जन्मात आली नव्हती. जळक्या रबराचा वास, काळा चिखल, आणि वर त्याचं "चल, चल, चल!" कसलं चल! माझे मधोमध दोन तुकडे झाले आणि दोन्ही मागे उडाले. ट्रक तसूभरही हलला नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी येऊन थांबली. वर हेडविग आजी पिशवी धरून दारात उभ्या होत्या. सुजलेले पाय कसेबसे बुटांत घातलेले. त्यांनी आडवा ट्रक पाहिला, काचेसारखी गल्ली पाहिली.

"आल्झो... तर मग," त्या हळूच म्हणाल्या, "आज डायलिसिसची माझी खुर्ची गेली तर दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही. मला रात्रीपासून श्वास पुरत नाहीये."

"मी उचलून नेतो तुम्हाला," म्हणत हृषिकेश धावला आणि त्यांच्या पायरीशीच दाणकन आपटला. "नको रे बाबा," आजी म्हणाल्या. "मी पडले तर हाड पुन्हा सांधायचं नाही." त्याचं तोंड एवढंसं झालं. बरं झालं, म्हटलं मी मनात.

मालिनीताई स्वयंपाकघरातल्या मिठाचा डबा घेऊन आल्या. तो तीन पावलांत संपला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांनी माझा एक तुकडा आजींच्या पायाशी टाकला आणि त्यावर स्वतः पाय दाबून पाहिला. तो घसरला नाही. दुसरा त्यांनी लेकाच्या हातात दिला.

"खाली बस. आजी यावर आल्या की मागचा उचल, पुढे टाक. आणि नीट टाक."

हृषिकेश गुडघ्यांवर बसला. ऊर्मिलाने आजींचा दंड धरला. एक पाऊल, मग दुसरं. माझ्या खरखरीत अंगाने बर्फाला घट्ट धरलं. आजी मध्येच दम खायला थांबत होत्या. ट्रकच्या शेपटीमागून वळताना त्यांनी त्याला हाताने धरलं. आणल्यापासून पहिल्यांदा तो कोणाच्या उपयोगी पडला! हृषिकेश रांगत होता, मला उचलत होता, पुढे अंथरत होता. त्याची पँट भिजून चिंब, बोटं लालभडक.

टॅक्सीशी पोचल्यावर आजी थांबल्या. आता घाईने बसतील असं सगळ्यांना वाटलं. पण दुसऱ्याच्या गाडीत मळके बूट घेऊन त्या कशा शिरतील! त्यांनी आधी उजवा, मग डावा, दोन्ही बूट माझ्यावर सावकाश पुसले. मी सरकू नये म्हणून हृषिकेश मला दोन्ही हातांनी धरून त्यांच्या पायाशी बसला होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. तेवढ्यापुरती माझी किळस थोडी ओसरली.

आजींना त्यांची खुर्ची मिळाली. ट्रक दुपारी द्राक्षमळेवाल्याच्या जुन्या ट्रॅक्टरने बाहेर ओढला. तो अजून दारात उभा आहे आणि त्याला पाहून मला अजून शिसारी येते. पण बर्फ पडला की हृषिकेश सगळ्यांआधी उठतो, आणि पाळी कोणाचीही असो, फावडं तोच घेतो.

मालिनीताईंनी माझे दोन्ही तुकडे धुतले आणि फाटक्या कडा सुतळीने शिवल्या. आता एक तुकडा आमच्या दारात आहे, एक हेडविग आजींच्या. मित्रांनो, माझं मागणं फार नाही. फाटलं म्हणून कोणाला फेकू नका आणि चकाकतं म्हणून काही दारात आणून उभं करू नका. बर्फ पडला की आधी शेजारच्या दाराकडे बघा, तिथे कोणीतरी पिशवी घेऊन उभं असेल. आणि घरात शिरताना पाय पुसा. दोन्ही.