पार्सल म्हटलं की कापायचा

चारकोपमध्ये आमच्या दारात एकही कुरिअरवाला आजवर धड पोचलेला नाही. सेक्टर, प्लॉट, सोसायटी, सगळं लिहा, तो मागच्या गल्लीतच उभा. त्यामुळे मार्चमध्ये आईच्या मोबाइलवर 'पत्ता अपूर्ण आहे, पार्सल परत जाईल, पाच रुपये भरून पत्ता दुरुस्त करा' असा मेसेज आला, तेव्हा तिला तो अगदी खरा वाटला. तिने लिंक दाबली, कार्डाचा नंबर भरला, ओटीपीही टाकला आणि खात्यातले अडतीस हजार गेले.

मी तिला नको नको ते बोललो. माझं डोकं तापलं की मला आईबाप दिसत नाहीत. मग शिकवायला बसलो. अनोळखी नंबरवरून पार्सलचा मेसेज आला की वाचायचा नाही, उडवायचा. फोन आला की कापायचा. वर मी परीक्षाही घ्यायचो. कंपनीतल्या सर्वेशला त्याच्या मोबाइलवरून बोलायला लावायचो, "ताई, तुमचं पार्सल आलंय." पहिल्या दोन वेळा आई "कुठलं रे बाबा?" म्हणत बोलत बसली. दोन्ही वेळा घरी येऊन मी तिचा उद्धार केला. तिसऱ्यांदा तिने फटकन फोन कापला, तेव्हा जिलेबी आणली.

जुलैत माझ्या बहिणीचा, चेतनाचा, मुलुंडच्या कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला. राखीव जागा होती. जातीचा मूळ दाखला सोमवारी पाचच्या आत दाखवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. दाखला गावी, आटपाडीला, रतनमामाकडे. त्याच्या शेजारचा बाळा रविवारी मुंबईला निघणार होता, तो सकाळी घरी आणून देणार असं ठरलं. सोमवारी चेतना आधीच कॉलेजात जाऊन बसली. माझी दोनपर्यंत ड्युटी, फोन गेटवर जमा. सुटलो की घरून दाखला घेऊन मी मुलुंड गाठायचं.

तीनला घरी पोचलो. "बाळा आला?"

"नाही अजून. गाडी लेट असेल," आई म्हणाली आणि लगेच हसली. "आज पण सर्वेशला फोन करायला लावलास ना? सकाळी सकाळी, तीनदा! ताई, पार्सल, एवढंच बोलला आणि मी कापला. शेवटी नंबरच ब्लॉक केला."

आज मी सर्वेशला काही सांगितलंच नव्हतं. मामाला फोन लावला.

"अरे, बाळाला ताप आला. मग पाकीट ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलं. वर तुझ्या आईचा, वनमालाचा, नंबर लिहिलाय. माझा रिचार्ज संपलेला, म्हणून बुकिंगवाल्याच्या मोबाइलवरून तिला मेसेजपण टाकला की."

तो मेसेज आईने रात्रीच उडवला होता. न वाचता, मी शिकवलं तसा.

गावाकडची गाडी बोरिवलीला हायवेवर दोन मिनिटं थांबते. घ्यायला कोणी नसलं की पाकीट गाडीबरोबर पुढे जातं. आईच्या मोबाइलवर ड्रायव्हरचा तो नंबर ब्लॉकमधून काढून लावला, तर बंद. मामाकडून नंबर घेऊन बुकिंगवाल्याला विचारलं, तर म्हणाला, गाडी विरारच्या पुढे कुठेतरी उभी करतात, ड्रायव्हर दिवसभर झोपतो, सहाला उठेल. नक्की कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

साडेचारला चेतनाचा फोन. "दादा, कुठपर्यंत आलास?"

मी खरं ते सांगितलं. तिने फोन ठेवला. पाच वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, 'दुसरीला दिली जागा.'

आई भिंतीला टेकून बसली होती. तिची काहीही चूक नव्हती, हे मला पक्कं कळत होतं. तरी तोंडातून निघालंच, "एवढं कळू नये?" ती मान खाली घालून म्हणाली, "चुकले रे." मला माझी लाज वाटली, पण शब्द काही परत घेता आला नाही.

सहाला तिचा फोन वाजला. तोच नंबर. आईने मोबाइल हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि घाबरत विचारलं, "उचलू का रे?"