नावेतले पाणी

कोयनेच्या जलाशयाकाठी निवळी नामक वस्ती आहे. तेथील उतारावर दुपारी चारच्या सुमारास सिद्धूचा ट्रक येऊन थांबला, तेव्हा नावाडी आप्पासो शेलार यांच्या जिवात जीव आला. त्यांची जुनी नाव पावसाळ्यातच कुजली होती. शेजारगावची उसनी आणलेली नावही त्याच दिवशी सकाळी बंद पडली होती. पैलतीरावरच्या अकरा बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन काठावर तिष्ठत बसल्या होत्या.

ट्रकवर सांगलीच्या बशीर मिस्त्रींची इंजिन बसवलेली लाकडी नाव होती आणि वृद्ध मिस्त्री स्वतः तिच्यासोबत आले होते. लाकूड वाळले की फळ्यांत फटी पडतात, हे ज्ञान त्यांना वाडवडिलांकडून लाभलेले. म्हणून त्यांनी नावेच्या तळात वीतभर कृष्णेचे पाणी तसेच राखून त्यावर ओली गोणपाटे अंथरली होती.

"आवरा," सिद्धू म्हणाला. "माझा एकच दिवा चालतोय. अंधार पडायच्या आत मला घाट उतरायचा हाय. दोर सोडला की मी चाललो."

ट्रकच्या दोराविना ती अवजड नाव उतारावरून पाण्यात उतरणे अशक्य होते.

आप्पासो नावेत चढले. गोणपाट उचलताना त्यांच्या बोटांना काहीतरी मऊ लागले. त्यांनी ते वर काढले. फुगीर देठाचे, गोल पानाचे, खाली काळ्या मुळ्यांची झालर असलेले ते इवलेसे रोप होते.

ते रोप त्यांनी ओळखले. पंधरवड्यापूर्वी ते सौदा करण्यास सांगलीला गेले होते. तेथे मिस्त्रींच्या घाटासमोर नदी काठोकाठ हिरवी दिसली, तेव्हा त्यांनी भाबडेपणाने विचारले होते, "हे शेत कुणाचं?" ते शेत नव्हते. ती जलपर्णी होती, आणि तिच्यापायीच मिस्त्रींनी नाव विकायला काढली होती.

रोप कुणीच पाहिले नव्हते. मुठीत दाबून काठावर फेकले असते, तर प्रश्न तिथेच मिटला असता. परंतु एक हाती लागले, तर हाती न लागलेली किती? गाळात बी असले तर?

"आप्पासो, नाव आणलीया का देव?" बायकांतली रंगूबाई खालून ओरडली. "नुस्तं दर्शन घेत बसलाय. म्हशी हंबरत असत्याल माझ्या."

"मावशी, नाव आत्ता पाण्यात जाणार न्हाई."

काठावर कल्लोळ माजला. आप्पासोंनी मूठ उघडून मिस्त्रींपुढे धरली.

"तोबा. माझ्याच हातानं आणलं म्या," ते पुटपुटले. मग बायकांकडे वळून म्हणाले, "बायांनो, ह्येच्यापायी माझ्या घाटावर नाव वल्ह्याला हालंना. गेल्या साली गडी छातीत कळ येऊन पडला, पैलतीरी दवाखान्याला न्ह्यायचा हुता. मदीच रुतलो. चार तास. नावंतच गेला त्यो."

"मग पाणी ओता आन् वाळवा की," सिद्धू म्हणाला.

"वाळवली तर चाळण हुईल तिची," मिस्त्री म्हणाले. त्यांनी फळीवरून हात फिरवला. "उकळतं पाणी लागंल. मुळ्या शिजत्यात, बी मरतंय, आन् लाकूडबी फुगल्यालं ऱ्हातंय."

"मी न्हाई थांबणार," सिद्धू म्हणाला आणि ट्रकच्या दाराकडे वळला.

तोच रंगूबाई उठली, पुढच्या चाकासमोर गेली आणि पदर सावरून जमिनीवर बसली.

"जा की रं. माझ्यावरनं जा."

"आवं मावशी, म्हशीचं काय मग?" सिद्धू म्हणाला.

"म्हशी हंबरू देत. उद्या मला कळ आली तर तू येणार हायस का पोहत?"

सिद्धूने किल्ली खिशात टाकली.

तदनंतर जी धांदल उडाली तिला सीमा नव्हती. नावेतले पाणी बादल्यांनी उपसून काठापासून दूर, वरच्या अंगाच्या पडीक रानात ओतले. गोणपाटे जाळली; ते ओले रोप मात्र काडीने पेटेना, म्हणून काठावरच्या दगडावर वाळत ठेवले. इंजिनाच्या पोटातले पाणीही मिस्त्रींनी थेंब अन् थेंब काढून टाकले. वस्तीतल्या साऱ्या न्हाणीच्या चुली पेटल्या. सूर्य डोंगराला टेकत होता, हंडे मात्र उकळता उकळत नव्हते. आप्पासो दर फटीत ब्रश घालून घासत होते आणि प्रत्येक फटीत त्यांना ते काळे मूळच दिसत होते.

अखेर वाफाळते पाणी नावेच्या अंगावर, तळावर, वल्ह्यांवर, दोरावर ओतले गेले. साडेसहाला ट्रकचा दोर हळूहळू सैल सोडला. नाव पाण्यात शिरली आणि सर्वांनी तळाकडे पाहिले. एका सांध्यातून थेंब पाझरला, मग तोही थांबला.

बायका चढल्या. सिद्धूने एका दिव्यानिशी ट्रक वळवला. मिस्त्रींना त्याच्याच ट्रकने परतायचे होते. जाता जाता ते काठावर आले, रोप ठेवलेल्या दगडावर वाकले आणि आणखी एक आगपेटीची काडी ओढली.