मास्तरांच्या माइकवर

कोकिळा दारात येऊन उभी राहिली, तरी मास्तरांच्या बायकोने शिवणयंत्रावरचा पाय काढला नाही. गणवेशाच्या बाहीची शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला आणि मगच मान वर केली.

"वहिनी, येऊ का आत?"

"यायचं ठरवूनच आलात ना? या."

कोकिळा हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ऑर्केस्ट्रातले लोक कौतुकाने तसं म्हणत, आणि मास्तरांची बायको तेच नाव कडू गोळीसारखं जिभेवरून ढकलत असे. कित्येक वर्षं मास्तर आठवडाभर साबणाच्या कारखान्यात हिशेब लिहीत आणि शनिवारी कोट चढवून हिच्याबरोबर द्वंद्वगीतं गायला जात. बायको एकदाही गेली नाही. "तुमची ती जन्मोजन्मीची वचनं मला कशाला ऐकवता?" म्हणायची.

आता मास्तरांच्या घशातच कर्करोग निघाला होता. पहिल्या उपचारांत साठवलेलं संपलं, मग बांगड्या गेल्या, आणि दिरांनी फोन उचलायचं बंद केलं. पैसे भरल्याशिवाय किरणांची पुढची फेरी सुरू होणार नाही, असं रुग्णालयाच्या खिडकीवर नम्रपणे, पण स्वच्छ सांगितलं होतं.

"मास्तरांसाठी कार्यक्रम करतोय आम्ही," कोकिळा खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "तिकिटांचे सगळे पैसे उपचारांना. तुमची हरकत नसेल तर."

"त्यांना विचारलंत?"

"नाही. आधी तुम्हाला विचारायला आले."

हे तर आणखीच झोंबलं. ही बाई जरा वाईट असती तर किती सोयीचं झालं असतं! आतल्या खोलीत मास्तर खोकले. दोघींचेही डोळे एकदमच तिकडे वळले, आणि कोकिळेचे वळलेले तिला दिसले.

"करा," ती म्हणाली आणि दुसरी बाही सुईखाली सरकवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण तिच्या नशिबी आलेलं गाढवसुद्धा देखणं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मास्तरांनी हट्टाने तोच कोट घातला. तिने तो दोन्ही बगलांतून आत घेतला होता, तरी खांद्यावर लोंबत होता. पहिल्या रांगेत दोघांना बसवलं. सभागृह भरलेलं पाहून तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटावं याचाच रागही आला.

पडदा उघडला. निळ्या झगमगत्या कपड्यांत कोकिळा पुढे आली आणि गाऊ लागली. गाणं ऐकायचं सोडून बायकोने, चुलीवरच्या दुधावर ठेवावी तशी, नवऱ्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. मास्तर शांत होते. शेजारणीला बघावं तसे कोकिळेकडे बघत होते. दूध काही उतू जाईना.

मग द्वंद्वगीताची घोषणा झाली. मास्तरांचं गाजलेलं गाणं. विंगेतून तिशीचा एक गायक आला, मास्तरांच्या माइकपाशी उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. आवाज नळाच्या पाण्यासारखा धो धो आला, कसलीही मेहनत न घेता.

तिने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांचा जबडा आवळला होता. बोटं खुर्चीच्या हातात रुतली होती. डोळे कोकिळेवर नव्हतेच. ते त्या गायकाच्या गळ्याच्या घाटीवर खिळले होते, ती खाली-वर होईल तसे खाली-वर होत.

तो चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दर शनिवारी दार लागलं की घरातल्या आरशात तिला तो दिसत असे.

ती नवऱ्याकडे पाहतच राहिली. समोर कोकिळा काय गात होती, कुणाकडे बघत होती, तिचं लक्षच नव्हतं.

"गळा चांगला आहे त्याचा," मास्तर म्हणाले. आता त्यांना कुजबुजण्यापुरताच आवाज उरला होता.

"बेसूर आहे मेला."

मास्तरांनी मान वळवली. उभ्या संसारात गाण्याबद्दल तिने काढलेला हा पहिला शब्द होता.

"कुठे?"

"दुसऱ्या कडव्यात. वर जाताना तुम्ही जरासे थांबता. हा आपला धडपडत गेला."

"तू कधी ऐकलंस?"

"घरात घसा फोडून तालीम करायचात, तेव्हा भांडी काय कान बंद करून घासत होते मी?"

मास्तर तिच्याकडे थोडे झुकले. मग हळूच म्हणाले, "सूर चढाच लागला त्याचा. किंचित."

"किंचित कसला!"

गाणं संपलं. अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. कोकिळेने हसून पहिल्या रांगेकडे हात केला. ती दोघं मात्र हात मांडीवर ठेवून, खांद्याला खांदा लावून, तशीच बसून राहिली.